आधी ‘तो जाते’, मग ‘शी गो’: गावोगावचं इंग्रजी ऐकायला शिकताना

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला राहतो. काही वर्षांपूर्वी घरबसल्या इंग्रजी ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करायचं काम घेतलं होतं. पैसे मिनिटावर मिळायचे आणि रेंज पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून टाकीखालीच खुर्ची टाकून बसायचो. एकदा आयर्लंडच्या एका शेतकऱ्याची मुलाखत आली. भावाबद्दल बोलता बोलता तो म्हणाला, ‘ही इज आफ्टर सेलिंग द ट्रॅक्टर.’ शब्द मी बरोबर टिपले आणि खाली सारांशात लिहिलं, भाऊ ट्रॅक्टर विकायच्या मागे लागलाय. फाइल परत आली, पैसे कापून. काय चुकलं ते काम देणाऱ्यांनी काही सांगितलं नाही.

ट्रॅक्टर विकून झाला होता, नुकताच. आयर्लंडमध्ये ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ म्हणजे जेवण आत्ताच झालं. ही बांधणी तिथल्या आयरिश भाषेतून इंग्रजीत उतरली. त्या भाषेत ‘नुकतंच केलं’ हे ‘केल्यानंतर आहे’ अशा थाटात सांगतात. आपणही ‘ट्रॅक्टर विकून बसला’ म्हणतो, तेव्हा कोणी खाली बसलेलं नसतं. हे तेव्हा सुचलं असतं तर पैसे वाचले असते.

नागपूर-पुण्याच्या कॉल सेंटरला निघालेली पोरं, नर्सिंग करून बाहेर जायच्या तयारीतल्या मुली, टायपिंगची कामं घेणारे आणि ज्यांना उगाचच कान लावून ऐकायची खोड आहे असे, या सगळ्यांसाठी हे लिहितोय. उच्चारांवर क्लास पुष्कळ निघालेत. व्याकरणही गावागणिक बदलतं हे मात्र कोणी सांगत नाही. आणि घोटाळा तिथेच होतो, कारण शब्द सगळे ओळखीचे असतात.

सुरुवात घरातून

शंभर पानी वही घ्या. पहिला आठवडा इंग्रजी ऐकायचंच नाही. घरात, वावरात, एसटीत जे कानावर पडेल त्यातली दहा वाक्यं जशीच्या तशी लिहा. शेजारी पुस्तकी मराठी रूप लिहा आणि तिसऱ्या रकान्यात, फरकामागे काही नियम दिसतो का ते.

माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, ‘पोरगा रोज दिग्रसला जाते.’ पुस्तकात ‘जातो’. आमच्याकडे तोही जाते आणि तीही जाते. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा जो फरक प्रमाण मराठी वर्तमानकाळात ठेवते, तो वऱ्हाडीनं इथे पुसून टाकला. पण ‘गेला’ आणि ‘गेली’ मात्र आम्हीही वेगळंच म्हणतो. म्हणजे फरक पुसलाय तो ठरावीक जागी, आणि सगळं गाव त्याच जागी पुसतं. अडाणीपणानं बोललं असतं तर एकेकानं एकेका जागी पुसलं असतं.

दुसरं वाक्य: ‘उद्या येजो.’ आत्ता बोलवायचं तर ‘ये’, पुढे कधी यायला सांगायचं तर ‘येजो’. तसंच सांगजो, देजो, करजो. प्रमाण मराठीत दोन्हींसाठी ‘ये’ चालतं, फार तर ‘येशील’ म्हणतात. इथे बोलीकडे पुस्तकापेक्षा एक खण जास्त आहे.

तिसरं म्हाताऱ्यांच्या तोंडचं: ‘तवा गावात एक मास्तर राहे, तो म्हने…’ एकदा राहिला किंवा एकदा म्हणाला असं नाही, तर राहायचा, म्हणायचा. हा ‘राहे’ नीट लक्षात ठेवा, पुढे अमेरिकेत कामी येईल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या झाडीबोलीवाल्यांनी आपली वही अर्थातच वेगळी करावी, माझी वाक्यं उतरवू नयेत. आणि बोली टिपणं हे रिकामटेकड्याचं काम आहे असं कोणी म्हटलं तर सांगा, इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषा नोंदवून घेणारा अधिकारी ग्रिअर्सन, त्याच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली छापला गेला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्यानं बोलीबोलीतून सांगून घेतली होती, म्हणजे ताडून पाहता यावं.

तीन ढीग वेगळे करा

नवख्याची पहिली गल्लत इथे होते. ‘डोळा’चा ‘डोया’ झाला हा उच्चार. कपाशीला ‘पऱ्हाटी’ म्हटलं हा शब्दसंग्रह. ‘तो जाते’ हे व्याकरण. इंग्रजीतही तेच तीन ढीग करायचे. ऑस्ट्रेलियाचा माणूस ‘टुडे’ म्हणाला आणि तुम्हाला ‘टुडाय’ ऐकू आलं तर तो उच्चार, पहिल्या ढिगात टाका आणि सध्या सोडून द्या. आपल्याला तिसरा ढीग हवाय: क्रियापदाला काय लागलं, काय गळालं, शब्द कुठे सरकले, नकार कितीदा आला.

एकच शेपूट धरा

सगळं एकदम ऐकायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. पहिले पंधरा दिवस एकच गोष्ट धरा: ‘ही गोज’, ‘शी गोज’ मधला शेवटचा ‘ज’ किंवा ‘स’. साध्या वर्तमानात इंग्रजी क्रियापदाला एवढं एकच शेपूट उरलंय, आणि शाळेत आपण सगळ्यात जास्त छड्या याच शेपटासाठी खाल्ल्या.

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकच्या बाजूचे जुने लोक ते शेपूट लावतच नाहीत. ‘शी गो’, ‘ही लाइक इट’. आमच्या ‘तो जाते’सारखंच, एकच रूप सगळ्यांना. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडे उलटं, तिथे जिथे नको तिथे शेपूट येतं: ‘द बर्ड्ज सिंग्ज’. आणि यातली गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. त्याच माणसाला ‘ते गातात’ म्हणायचं असेल तर तो ‘दे सिंग्ज’ म्हणत नाही, ‘दे सिंग’च म्हणतो. कर्ता ‘दे’, ‘वी’, ‘आय’ असा छोटा सर्वनामाचा असेल आणि क्रियापदाला अगदी चिकटून असेल तर शेपूट नाही. कर्ता नाम असेल, किंवा सर्वनाम क्रियापदापासून दूर पडलं असेल, तर शेपूट आलं. म्हणून एकाच दमात ‘दे मिल्क द काऊज अँड सेल्स द मिल्क’. पहिल्या क्रियापदाशेजारी ‘दे’ बसलाय, दुसऱ्याशेजारी नाही.

आता सांगा, हा नियम शाळेतल्या नियमापेक्षा सोपा आहे का? मला तर अवघड वाटतो. तिथली चार वर्षांची पोरं तो न शिकवता पाळत आली. अभ्यासकांनी त्याला ‘नॉर्दर्न सब्जेक्ट रूल’ असं नाव दिलंय आणि मध्ययुगीन लिखाणातही तो सापडतो.

वहीत दोन रकाने करा, कर्ता सर्वनाम आणि कर्ता नाम, आणि शेपूट दिसलं की खूण करत जा. पंधरा-वीस खुणांनंतर पान आपोआप बोलायला लागतं.

आता ‘राहे’ घेऊन अमेरिकेत

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ अशी दोन वाक्यं ऐकू येतात. पहिल्यात ‘इज’ गळालाय, अर्थ: आत्ता काम करून राह्यला. दुसऱ्यातला ‘बी’ नेहमीचं सांगतो: तो कामावर जात असतो, या घडीला भलेही खाटेवर पडलेला असेल. आमचा ‘राहे’ भूतकाळातला आणि त्यांचा ‘बी’ वर्तमानातला, पण काम एकच, सवयीचं. प्रमाण इंग्रजीत यासाठी ‘युज्वली’सारखा शब्द जोडावा लागतो.

यावर मुलांसोबत एक छान प्रयोग झाला होता. टीव्हीवरच्या बाहुल्यांचं चित्र: एल्मो बिस्किट खातोय आणि बिस्किटांसाठीच प्रसिद्ध असलेला कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय, खात नाहीये. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारलं की मुलं एल्मो दाखवत. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ विचारल्यावर ही बोली घरात बोलणारी मुलं कुकी मॉन्स्टरकडे बोट करत. नेहमी खाणारा तोच ना! बोली न येणाऱ्याला यात नुसता चुकलेला ‘इज’ दिसतो. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात अशा मुलांच्या पालकांनी शाळेवर दावा लावला होता. 1979 साली न्यायालयानं सांगितलं की वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या बोलीचा विचार शिक्षकांनी करायलाच हवा.

आयर्लंडमध्ये हाच सवयीचा अर्थ ‘ही डझ बी वर्किंग’ असा येतो.

नकाराचंही इथेच उरकून घेऊ. ‘आय डोन्ट नो नथिंग’ ऐकून वजा गुणिले वजा अधिक असा हिशेब करू नका. ‘मला काहीच माहीत नाही’ एवढाच अर्थ. असा दुहेरी नकार इंग्रजीच्या बहुतेक बोलींत आहे.

‘तुम्ही’ कुठे गेला?

हा भाग आपल्याला सोपा जातो, म्हणून भराभर. इंग्रजीनं जुना ‘दाऊ’, म्हणजे आपला ‘तू’, टाकला आणि ‘यू’वर एकाला आणि अनेकांना दोघांनाही बसवलं. गैरसोय होणारच होती. मग अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ झालं, पिट्सबर्गला ‘यिन्झ’, आयर्लंडमध्ये ‘यी’ आणि ‘यूज’. यॉर्कशायरच्या जुन्या माणसांकडे ‘दाऊ’चा ‘दा’ अजून ऐकू येतो. यांपैकी काही कानावर आलं तर समोरचा एकाशी बोलतोय की सगळ्यांशी, एवढं टिपा.

पापुआ न्यू गिनीची टोक पिसिन ही इंग्रजीच्या शब्दांवर उभी राहिलेली वेगळी भाषाच आहे, पण तिथे ‘यूमी’ म्हणजे आपण आणि ‘मीपेला’ म्हणजे आम्ही. साहेबाला जे ‘वी’मध्ये जमलं नाही ते त्याच्याच शब्दांतून या लोकांनी करून घेतलं.

ओळखीचे वाटणारे खड्डे

ऐकू न आलेल्या शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त फसवतो. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत हे आहेत:

अमेरिकेच्या मध्यपट्ट्यात ‘गॅस इज एक्स्पेन्सिव्ह एनीमोर’ म्हणजे आजकाल पेट्रोल महाग झालंय. आपण नकार शोधत बसतो, आणि तो वाक्यात नसतोच.

यॉर्कशायरमध्ये ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. ‘व्हाइल’ तिथे ‘पर्यंत’.

स्कॉटलंडमध्ये आणि पिट्सबर्गच्या आसपास ‘द कार नीड्स वॉश्ड’. मधला ‘टू बी’ तुमच्या कानातून निसटला असं समजून भरू नका, तो म्हटलाच गेला नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘आय माइट कुड हेल्प यू’. दोन सहायक क्रियापदं एकापुढे एक. ‘जमेल बहुतेक मला’ असं हातचं राखून बोलणं. हे स्कॉटलंडकडेही सापडतं.

आणि आयर्लंडचा ‘आफ्टर’. त्याचे पैसे मी मोजलेत.

कुठे ऐकायचं, कसं टिपायचं

‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह’ हा 1998 पासूनचा मोफत संग्रह आहे. देशोदेशीच्या माणसांचे छोटे तुकडे त्यात आहेत. बहुतेक तुकड्यांत बोलणारा आधी एक ठरलेला उतारा वाचतो आणि मग स्वतःबद्दल बोलतो. उतारा सोडून द्या. वाचलेल्या मजकुरात व्याकरण छापणाऱ्याचं असतं. आपल्याला कामाचा तो पुढचा मोकळा भाग, जिथे माणूस आजीबद्दल किंवा गावाबद्दल बोलायला लागतो आणि सैल होतो.

एका वेळी एकच मिनिट घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा लिहा, तिसऱ्यांदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवून तपासा. हात आपोआप वाक्य सुधारायला जातो. तोंडून ‘वी वॉज’ आलेलं असतं आणि वहीत ‘वी वेअर’ उतरतं. माझ्या हाताची ही खोड जायला महिना लागला. मोबाइलवर आपोआप येणाऱ्या अक्षरांवर विसंबू नका, तीही बोलीतलं रूप बरेचदा पुस्तकी करून टाकतात.

टिपलेलं ताडून पाहायला ईवेव्ह नावाचा इंग्रजीच्या प्रकारांचा इंटरनेटवरचा नकाशा आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या बेर्न्ट कोर्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. 2020च्या आवृत्तीत इंग्रजीचे 77 प्रकार आणि व्याकरणाची 235 वैशिष्ट्यं आहेत. प्रत्येक ठिकाणी अक्षर दिलेलं असतं: ए म्हणजे सर्रास, बी म्हणजे मधलं, सी म्हणजे आहे पण फार विरळ, डी म्हणजे नाही. नवखी माणसं नकाशावर ठिपका दिसला की ‘तिथले सगळे असंच बोलतात’ असं ठरवून मोकळी होतात. अक्षर आधी बघा. आणि ही अक्षरं त्या त्या बोलीच्या जाणकारांनी दिलेली आहेत, दारोदार मोजणी करून नाही. उत्तर अमेरिकेपुरतं पाहायचं तर येल विद्यापीठाचा व्याकरण-वैविध्याचा प्रकल्प जास्त सोप्या भाषेत समजावतो. ‘नीड्स वॉश्ड’ मला तिथेच उमगलं.

चूक की बोली?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझी कसोटी साधी आहे. तोच माणूस तेच रूप पुन्हा वापरतो का? त्याच्या गावचे इतरही वापरतात का? आणि ते कुठे चालत नाही, हे त्यांना कळतं का? तिन्हीला ‘हो’ आलं तर बोली. एखादा माणूस एकदा ‘ही गो’ आणि एकदा ‘ही गोज’ म्हणून अडखळत असेल तर बहुधा भाषा शिकतोय बिचारा.

आपल्या इंग्रजीलाही हीच कसोटी लावा. आमच्याकडची पोरं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग’ म्हणतात आणि सर चिडतात. पण घरी ती ‘मले समजून राह्यलं’, ‘दिसून राह्यलं नं’ म्हणतात, तेच तिकडे जातं. शिवाय असा ‘इंग’ भारतभर आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतही सापडतो. ‘आय वॉज देअर ओन्ली’ मधला ‘ओन्ली’ तर सरळ आपला ‘तिथंच’ मधला ‘च’ आहे.

म्हणून मुलाखतीत तसं बोलायचं का? नाही. अर्जात, परीक्षेत, मुलाखतीत पुस्तकी रूपच ठेवा, तिथे नियम त्यांचे आहेत. आणि दुसऱ्याची बोली उसनी घेऊ नका. टेक्सासच्या ग्राहकाला ‘यॉल’ म्हणणारा यवतमाळचा पोरगा म्हणजे पुण्याच्या पाहुण्यानं आमच्या पारावर ‘काय बे’ म्हणण्यासारखं आहे. समजून घ्यायला शिका, एवढं पुरे.

माणसांना विचारताना

ध्वनिमुद्रणांवर हात बसला की जिवंत माणूस गाठा. इंग्रजीवाला नाही मिळाला तर सराव गावातच करा.

इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या देखरेखीखाली 1950 ते 1961 या काळात बोलींची मोठी पाहणी झाली. 313 ठिकाणं, बहुतेक खेडी, आणि गाठलेली माणसं शक्यतो म्हातारी, जन्मभर गाव न सोडलेली. तेराशेच्या वर प्रश्नांची यादी होती आणि तिचा पहिलाच भाग शेतावरचा. मग शेतकाम, जनावरं, घर, शरीर असं करत ते पुढे जात. ‘तुम्ही हे कसं म्हणता’ असं फारसं विचारायचं नाही. वस्तू दाखवायची, किंवा वाक्य अर्धवट सोडून समोरच्याला पुरं करू द्यायचं. माणूस बैलाबद्दल बोलताना व्याकरण विसरतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मला हे आधी माहीत नव्हतं. पहिल्यांदा वही घेऊन शेजारच्या काकांच्या ओसरीवर गेलो आणि सरळच विचारलं, ‘काका, तुमी येजो, सांगजो असं म्हनता काय जी?’

काकांनी वहीकडे पाहिलं, टोपी नीट केली. ‘नाही, नाही. आपल्या घरात तसं कोणी बोलत नाही. आम्ही शुद्धच बोलतो.’ ‘कोणी’तला ‘ण’ त्यांनी असा ठासून म्हटला की आतून काकूंनी डोकावून पाहिलं.

मी वही मिटली. मग तुरीचं, सोयाबीनच्या भावाचं, धुऱ्यावरून झालेल्या जुन्या भांडणाचं निघालं. चहा झाला. उठून फाटकापाशी पोचलो तोच मागून हाक आली, ‘अन् काय गा, उद्या येजो. येतानी तुह्या बापाले सांगजो, वखर घिऊन जाय म्हना.’

दोन येऊन गेले. वही पिशवीत होती, फाटकाबाहेर उभं राहून तळहातावर लिहिले.